दुपारचा सैतान आणि पाचशे वचनांची वही

सकाळचे दहा वाजून गेलेत. मातीच्या विटांची एक बुटकी खोली आहे, बाहेर वाळवंट. आत बसलेला माणूस पहाटेच्या बराच आधी उठलाय आणि त्याचं दिवसातलं एकमेव जेवण दुपारी तीनला आहे. सूर्य जागचा हलत नाही. तो खिडकीकडे बघतो. मग दारात येतो, डोळ्यांवर हात धरून सूर्य कुठवर आलाय ते पाहतो, तीन वाजायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो आणि परत आत जाऊन बसतो. दिवस पन्नास तासांचा झाल्यासारखा वाटतो. शेजारच्या खोलीतून कुणी भेटायला येतंय का म्हणून तो पुन्हा एकदा डोकावतो. मग विचार सुरू होतात. ही जागाच बेकार आहे. इथल्या लोकांत आता माया उरलेली नाही. परवा अमका मला टाकून बोलला, कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. दुसरीकडे गेलो तर काम सोपं मिळेल, चार पैसे जास्त मिळतील. देवाला काय, कुठूनही आळवता येतं. घरची माणसं आठवतात. आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात वाईट विचार येतो: अजून किती वर्षं असं जगायचंय?

हे वर्णन माझं नाही. सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हॅग्रियस नावाच्या ख्रिस्ती साधूने ते लिहून ठेवलंय, मी फक्त माझ्या शब्दांत सांगितलं. या अवस्थेला तो ‘अकेडिया’ म्हणायचा. कंटाळा, उबग, जीव न लागणं, असं सगळं मिळून. आणि हा उबग ज्याच्यामुळे येतो त्याला तो ‘दुपारचा सैतान’ म्हणायचा. हे नाव स्तोत्रसंहितेतल्या ९१व्या स्तोत्रातून आलंय. मराठी बायबल उघडून पाहिलंत तर तिथे सैतान सापडणार नाही, भरदुपारी होणाऱ्या नाशाबद्दल काहीतरी सापडेल, कारण हिब्रूत तसंच आहे. पण एव्हॅग्रियस ज्या जुन्या ग्रीक भाषांतरातून वाचत होता, त्यात तिथे चक्क ‘दुपारचा पिशाच्च’ होता.

अकेडियावर हल्ली बरंच लिहिलं जातं. डिप्रेशन, बर्नआउट, स्क्रोलिंग यांच्याशी तिचं नातं जोडलं जातं. मला मात्र त्या खोलीतला माणूस पुढे काय करायचा यात जास्त रस आहे. तो डोळे मिटून मन शांत करत बसत नसे. तो उलट बोलायचा. मनात आलेल्या विचाराला, मोठ्याने किंवा पुटपुटत, पवित्र शास्त्रातलं एखादं वचन उत्तर म्हणून द्यायचा. आणि कुठल्या विचाराला कुठलं वचन द्यायचं, याची त्याने वहीच करून ठेवली होती.

त्या वहीकडे जाण्याआधी माणूस समजून घ्यायला हवा, कारण हा काही जन्मजात बैरागी नव्हता.

एव्हॅग्रियस इ.स. ३४५च्या सुमारास पाँटसमध्ये जन्मला. आजच्या तुर्कस्तानातला काळ्या समुद्राकडचा भाग. हुशार, बोलण्यात तरबेज आणि चर्चमध्ये वर चढत जाणारा. सीझरियाच्या बेझिलने त्याला चर्चमधल्या वाचकाचं पद दिलं, नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला डीकन केलं. ३८१मध्ये राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपलला ख्रिस्ती धर्माची मोठी परिषद भरली, तेव्हा हा तिथेच होता. वादात समोरच्याला निरुत्तर करणारा तरुण म्हणून त्याचं नाव झालं होतं.

आणि मग तो प्रेमात पडला. बाई मोठ्या घरातली, विवाहित. ही हकिकत त्याचा शिष्य पॅलेडियस याने सांगितलीय आणि त्याने ती स्वतः एव्हॅग्रियसकडून ऐकली होती. सुटका व्हावी म्हणून एव्हॅग्रियस प्रार्थना करत होता, पण पाय निघत नव्हता. एका रात्री त्याला दिसलं की शिपायांनी त्याला पकडून नेलंय, गळ्यात लोखंडी कडं आहे, हातांना साखळ्या आहेत. गुन्हा काय हे कुणी सांगत नाही, पण त्याचं त्याला माहीत आहे. तेवढ्यात मित्राच्या रूपात एक देवदूत येतो आणि म्हणतो, शहर सोडून जायचं वचन दे. एव्हॅग्रियस शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतो. जाग आल्यावर तो जो विचार करतो तो मला फार आवडतो: शपथ स्वप्नात घेतली हे खरं, पण घेतली तर मीच ना? दुसऱ्या दिवशी सामान जहाजावर चढवून तो जेरुसलेमला निघतो.

गोष्ट इथे संपली असती तर ती नेहमीच्या संतचरित्रांसारखी झाली असती. पण जेरुसलेमला पोचल्यावर स्वारी पुन्हा घसरली. परत उंची कपडे, परत तोच रुबाब. मग तापाने पडला तो सहा महिने. वैद्य थकले. शेवटी मेलानिया नावाच्या रोमन बाईने त्याला बोलतं केलं. ऑलिव्ह डोंगरावर तिने मठ काढला होता, आणि तिची नजर तिखट होती. तुझं दुखणं मला साधं दिसत नाही, मनात काय आहे ते सांग, म्हणाली. त्याने सगळं सांगून टाकलं. वाळवंटात जाईन असं कबूल केलं आणि बरा झाला. ३८३च्या सुमारास तो इजिप्तला गेला. दोन वर्षं निट्रियाच्या वस्तीत काढली, मग तिथून आत, केलिया नावाच्या आणखी एकाकी जागी चौदा वर्षं. तिथेच तो ३९९मध्ये गेला.

केलिया म्हणजे ‘खोल्या’. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला. खोल्या एकमेकींपासून इतक्या लांब बांधलेल्या की एकाचा आवाज दुसऱ्याला जाऊ नये. शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये जमत, एरवी आपापल्या ठिकाणी. कुणी खजुराच्या पानांच्या टोपल्या विणे, कुणी दोर वळी. एव्हॅग्रियसचं अक्षर चांगलं होतं, तो पुस्तकांच्या नकला करून पोट भरायचा.

आता कल्पना करा. राजधानीतल्या सभा गाजवलेला माणूस, समोर बोलायला कुणीच नाही. त्याने वाद सोडला नाही. वाद घालायला त्याला नवा प्रतिपक्ष मिळाला, एवढंच.

हा प्रतिपक्ष म्हणजे ‘लोगिस्मॉय’. या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ ‘विचार’, पण एव्हॅग्रियसच्या तोंडी त्याला वेगळी धार आहे. बाहेरून येऊन तुमच्याच आवाजात बोलणारा विचार. अशा विचारांचे त्याने आठ प्रकार केले: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, दुःख, राग, अकेडिया, लौकिकाची हाव आणि गर्व. (आपल्या षड्रिपूंतला मत्सर यात नाही, हे लक्षात आलं असेल. तो दोनशे वर्षांनी पोप ग्रेगरीने घातला आणि पुढे यादी सातांची झाली. ‘सेव्हन’ हा सिनेमा पाहिला असेल तर त्यातल्या खुन्याची यादी मुळात या वाळवंटातून निघालीय.) हे विचार येणं न येणं आपल्या हातात नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. ते मुक्कामाला राहतात की नाही, एवढंच आपल्या हातात.

‘प्रॅक्टिकॉस’ या त्याच्या शंभर छोट्या परिच्छेदांच्या पुस्तकात या विचारांची जी चित्रं आहेत, ती वाचताना हसू येतं आणि जरा ओशाळायलाही होतं. खादाडपणाचा विचार ‘खा, खा’ असं म्हणत नाही. तो तब्येतीची काळजी करतो. तुझं पोट, यकृत, प्लीहा, उद्या लांबचं दुखणं आलं तर? इथे वैद्य कुठून मिळणार? लोभाचा विचार म्हातारपण दाखवतो. हात चालेनासे होतील, दुसऱ्यापुढे हात पसरावे लागतील, केवढी लाज! लौकिकाची हाव तर त्या एकट्या खोलीत अख्खा सिनेमा लावते: पिशाच्चं ओरडत पळतायत, आजारी बायका बऱ्या होतायत, लोक अंगरख्याला हात लावायला धडपडतायत. मग दारात माणसं येतात, तुम्हीच आमचे धर्मगुरू व्हा म्हणतात, आणि हा नको म्हणाला तर बांधून घेऊन जातात. स्वप्नातसुद्धा पद मागून घ्यायचं नाही, लोकांनी आग्रह करायला हवा. माणूस बदलत नाही.

लूकियस नावाच्या एका मठवासीयाने त्याला पत्र पाठवून विनंती केली की या लढाईसाठी काहीतरी हत्यार लिहून दे. त्याला उत्तर म्हणून एव्हॅग्रियसने ‘अँटिरेटिकॉस’ हे पुस्तक केलं. नावाचा अर्थ साधारण ‘प्रत्युत्तर’, किंवा सरळ ‘उलट बोलणं’. आठ विचारांची आठ प्रकरणं आणि सगळ्या मिळून सुमारे पाचशे नोंदी. प्रत्येक नोंदीचे दोन भाग. आधी विचार: ‘अमुक अमुक सुचवणाऱ्या विचाराविरुद्ध’. मग त्याच्यावरचं बायबलमधलं वचन. प्रत्येक प्रकरणात वचनं बायबलच्या क्रमाने येतात, म्हणजे ‘उत्पत्ती’पासून पुढे. सगळ्याच नोंदी विचाराला उद्देशून नाहीत. काही देवाला उद्देशून आहेत, काही स्वतःच्याच खचलेल्या जिवाला.

पुस्तक का हवं, याचं त्याने प्रस्तावनेत दिलेलं कारण अगदी व्यवहारी आहे. लागणारी वचनं शास्त्रात सगळीकडे विखुरलेली आहेत आणि ऐन झटापटीत ती शोधायला वेळ नसतो. तेव्हाचं बायबल म्हणजे काय, हे आठवलं की याचा अर्थ कळतो. आज आपण ‘मत्तय ४:४’ म्हणतो तसे आकडे तेव्हा नव्हते. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, वचनांचे सोळाव्या. पुस्तकं महाग, जाडजूड, हाताने लिहिलेली. म्हणजे भिस्त सगळी पाठांतरावर. दक्षिण इजिप्तमधल्या पकोमियसच्या मठांत तर नियमच होता: येणाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याला शिकवा, आणि निदान नवा करार आणि स्तोत्रं तरी प्रत्येकाला पाठ हवीत. हात टोपली विणतायत आणि ओठ हलतायत, असं त्यांचं दिवसभर चालायचं. त्यामुळे वहीत वचन वाचलं की आत कुठेतरी ते आधीच असायचं. वही फक्त दाखवायची की हे इथे वापर.

कल्पनाही त्याची एकट्याची नव्हती. त्याच्या आधी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने मार्सेलिनस नावाच्या माणसाला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. कुठल्या प्रसंगी कुठलं स्तोत्र म्हणावं, याची त्यात जवळजवळ यादीच आहे. छळ होतोय तर हे, पश्चात्ताप होतोय तर ते. पण या सगळ्याचं मूळ आणखी मागे आहे, आणि एव्हॅग्रियस स्वतःच ते दाखवतो. येशू चाळीस दिवस रानात उपाशी होता तेव्हा सैतान त्याच्याकडे आला, अशी गोष्ट मत्तय आणि लूक दोघांनी सांगितलीय. तू देवाचा पुत्र असशील तर या दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी टाक. मला नमन कर, सगळं राज्य तुझं. येशू तिन्ही वेळा स्वतःच्या पदरचं काही बोलत नाही. तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातून देतो आणि विषय संपवतो.

पण या गोष्टीत एक गोम आहे. उडी टाक म्हणताना सैतानही शास्त्रच उद्धृत करतो. देवदूत तुला वरच्यावर झेलतील, असं आश्वासन देणारं स्तोत्र तो ऐकवतो. आणि ते कुठलं? ९१वं! म्हणजे ज्या स्तोत्रात दुपारचा पिशाच्च आहे तेच. एकाच स्तोत्रात शत्रूचं नावही आहे आणि शत्रूच्या हातातलं हत्यारही. वचन तोंडात आहे म्हणून माणूस सुरक्षित आहे, असं म्हणायला ही गोष्ट जागाच ठेवत नाही.

इथे मला आपल्याकडची एक सवय आठवते. लहानपणी अंधाऱ्या बोळातून जाताना भीमरूपी किंवा रामरक्षा पुटपुटायची. अर्थ कळो न कळो, वेग महत्त्वाचा. शब्द म्हणजे चिलखत, अंगावर चढवलं की झालं. एव्हॅग्रियसचं पुस्तक पहिल्यांदा पाहिलं की तसंच वाटतं, मंत्रांचा कोश. रात्रीच्या भीतीवर हे, वासनेवर ते. काही वाचकांनी ते तसं वापरलंही असेल. पण माझ्या मते या पुस्तकाचा कस प्रत्येक नोंदीच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. वचन तर बायबलमध्ये होतंच, कुणीही काढलं असतं. ‘अमुक सुचवणाऱ्या विचाराविरुद्ध’ यातलं ‘अमुक’ लिहायला मात्र माणसाला थांबून ऐकावं लागतं. मला नक्की काय सांगितलं जातंय? म्हातारपणाची भीती, की लाजेची? घरच्यांची आठवण, की इथल्या कामाचा कंटाळा आठवणीचा मुखवटा घालून आलाय? ‘प्रॅक्टिकॉस’मध्ये तो शिकाऊ साधूला सांगतो की विचारांवर नजर ठेव. कुठला कधी येतो, कशाच्या पाठोपाठ कुठला येतो, कधी जोर धरतो आणि कधी ओसरतो, हे टिपून ठेव, आणि मग त्याचा अर्थ ख्रिस्ताला विचार. उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न नीट ऐकायला हवा, हे वादपटूला कुणी शिकवावं लागत नाही.

समर्थांचे मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत, आणि ते मनाशी बोलतात. समजावतात, चुचकारतात, दटावतात. मन आपलंच, जरा वाट चुकलेलं. एव्हॅग्रियस मात्र बहुतेक वेळा मनाशी बोलत नाही, मनात शिरलेल्याशी बोलतो. फरक छोटा दिसतो, पण रात्री तीन वाजता ‘मी असा नीच आहे’ आणि ‘हे मला कुणीतरी सांगतंय’ यात बरंच अंतर असतं. अकेडियाच्या बाबतीत तर तो याच्याही पुढे जातो. उबग आला की आपल्या जिवाचे दोन भाग कर, म्हणतो. एक धीर देणारा, एक धीर घेणारा. आणि मग ४२व्या स्तोत्रातला, आपल्याच जिवाला तू इतका खचलास का असं विचारणारा भाग म्हण. त्या एकट्या खोलीत हा माणूस स्वतःचाच शेजारी होतो.

हे सगळं कामाला आलं का? पॅलेडियस सांगतो की वासनेचा त्रास इतका असायचा की एकदा हिवाळ्यातली अख्खी रात्र एव्हॅग्रियस उघड्या अंगाने विहिरीत उभा राहिला. म्हणजे पाचशे वचनांची वही करणाऱ्याला विहीरही लागत होती. मरायच्या सुमारास तो म्हणाला की आता तिसरं वर्ष चालू आहे, शरीराच्या वासनेने छळलेलं नाही. हिशेब करा. कॉन्स्टॅन्टिनोपल सोडून सतरा-अठरा वर्षं झाली होती. त्यातली शेवटची तीन शांत. आपल्या पद्धतीची जाहिरात करणारा माणूस हा आकडा लपवेल. याने सांगितला.

शंकेशी त्याची झटापट वेगळ्या जातीची होती. पॅलेडियसच्या एका हकिकतीत तीन पिशाच्चं भरदिवसा धर्मगुरूंच्या वेषात त्याच्याकडे येतात आणि वाद घालतात. तिघं त्या काळातल्या तीन पाखंडी पंथांचे, ख्रिस्त देव कसा आणि माणूस कसा यावर प्रश्न विचारणारे. एव्हॅग्रियस तिघांना हरवतो. हकिकत खरी की सजवलेली, ते सोडा. शंका कुठल्या वेषात येते ते पाहा. ती नास्तिकाच्या वेषात येत नाही, पाद्रीबुवांच्या वेषात येते. ‘अँटिरेटिकॉस’चं शेवटचं प्रकरण गर्वावर आहे आणि त्यात देवनिंदेचे विचार पुन्हा पुन्हा येतात. प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या डोक्यात देवाबद्दलच नको ते येतं आणि तो हबकतो, की हे माझ्या मनात आलंच कसं? एव्हॅग्रियसने अशांना पुस्तकाबाहेर काढलं नाही. त्यांच्यासाठी जागा केली, वचनं दिली.

पण वचनाने सुटत नाही अशीही शंका असते. ३९९मध्ये, म्हणजे एव्हॅग्रियस गेला त्याच वर्षी, अलेक्झांड्रियाचा बिशप थिऑफिलस याने पत्रक काढलं की देवाला माणसासारखं शरीर आहे असं मानणं चूक आहे. वाळवंटात खळबळ उडाली. सेरापिऑन नावाचा एक म्हातारा साधू होता. ‘उत्पत्ती’त देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात केला असं आहे, तेव्हा देवाला चेहरा आहेच, असं तो आयुष्यभर धरून चाललेला. एका विद्वान डीकनने त्याला शास्त्राच्याच आधाराने समजावलं. म्हाताऱ्याला पटलं. सगळे आनंदाने प्रार्थनेला उभे राहिले, आणि सेरापिऑन जमिनीवर कोसळून रडायला लागला. माझा देव यांनी काढून नेला, आता मी कुणाला धरू, कुणाची पूजा करू?

ही हकिकत जॉन कॅसियनने लिहिलीय. तो तेव्हा इजिप्तमध्ये होता आणि पुढे मार्सेला जाऊन त्याने या साधूंच्या मुलाखतींचं मोठं पुस्तक लॅटिनमध्ये केलं. सेरापिऑनचं रडणं पाहून अस्वस्थ झालेला कॅसियन आणि त्याचा मित्र अब्बा आयझॅककडे जातात. त्याच बैठकीत आयझॅक त्यांना त्याच्या मते वाळवंटातलं जुनं गुपित सांगतो. एकच वचन धरा. ७०व्या स्तोत्राची पहिली ओळ, देवाला धावत मदतीला ये म्हणणारी. मग तो एकेक प्रसंग घेत जातो. भूक लागली, हीच ओळ. जेवण नकोसं झालं, हीच. वाचताना डुलकी आली, झोप लागेना, राग आला, अहंकार चढला, मन कोरडं पडलं, हीच. झोपताना हीच, उठताना हीच.

एव्हॅग्रियसकडे पाचशे वचनं, आयझॅककडे एक. मला हा फरक फक्त सोपेपणाचा वाटत नाही. एव्हॅग्रियसचं वचन शत्रूला दिलेलं उत्तर आहे आणि त्याला बोलता येतं. आयझॅकचं वचन ही हाक आहे. सेरापिऑनला प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, अगदी बिनतोड, आणि त्यानेच तो मोडला होता. त्याला आणखी एक उत्तर देऊन काय होणार होतं? ती ओळ पुढे सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठांच्या नियमांत प्रत्येक प्रार्थनेच्या सुरुवातीला ठेवली, आणि बेनेडिक्टाइन मठांत दिवसातून कित्येकदा ती आजही म्हटली जाते.

एव्हॅग्रियसच्या वहीचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. थिऑफिलसने वर्षभरातच बाजू बदलली आणि देवाला शरीर नाही म्हणणाऱ्या, ओरिजेन वाचणाऱ्या साधूंनाच वाळवंटातून हाकललं. एव्हॅग्रियसचे मित्र पांगले. ५५३मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे ज्या शहरातून तो पळाला त्याच शहरात, ओरिजेनच्या मतांबरोबर त्याचीही मतं धिक्कारली गेली. पुढच्या परिषदांनी तर त्याचं नाव घेऊन धिक्कार केला. त्याचं प्रार्थनेवरचं पुस्तक नायलस या दुसऱ्या साधूच्या नावावर जिवंत राहिलं. ‘अँटिरेटिकॉस’चं ग्रीक मूळ हरवलं. ते वाचलं पूर्वेकडच्या भाषांत, मुख्यतः सिरियाकमध्ये. हीच सिरियाक केरळातल्या सिरियन ख्रिस्ती चर्चमध्ये उपासनेची भाषा म्हणून शतकानुशतकं चालत आलीय. १९१२मध्ये फ्रँकेनबर्ग या जर्मन अभ्यासकाने सिरियाक पाठ छापला आणि शेजारी मूळ ग्रीक कसं असेल याचा अंदाज बांधत उलटं भाषांतर केलं. संपूर्ण इंग्रजी भाषांतर डेव्हिड ब्रॅकी यांनी २००९मध्ये आणलं.

एव्हॅग्रियसबद्दल आणखी एक गोष्ट वाळवंटातल्या साधूंच्या आख्यायिकांत आहे. केलियात एकदा कशावर तरी सभा भरली आणि हा बोलायला लागला. तिथला धर्मगुरू म्हणाला, अब्बा, आम्हाला माहीत आहे, तुमच्या देशात असता तर तुम्ही एव्हाना बिशप झाला असता आणि कितीतरी लोक हाताखाली असते. इथे मात्र तुम्ही परके आहात. सगळ्यांसमोर! ज्याच्या मनात लौकिकाचा सिनेमा कसा चालतो ते त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं, त्याला नेमकं तिथेच टोचलं होतं. त्याला राग आला नाही. मान हलवली आणि ईयोबाच्या पुस्तकातलं एक वचन म्हणाला. एकदा बोललो, दोनदा बोललो, आता पुढे बोलणार नाही, अशा अर्थाचं.

केलियाच्या खोल्या हळूहळू ओस पडल्या आणि वाळूखाली गेल्या. १९६४मध्ये आंतुआन गियोमाँ या फ्रेंच अभ्यासकाने ती जागा पुन्हा शोधून काढली. फ्रेंच आणि स्विस मंडळींनी खोदकाम केलं तेव्हा दीड हजारांहून जास्त निवासांच्या खुणा मिळाल्या. काही खोल्यांच्या भिंतींवर रंगवलेले क्रूस होते आणि प्रार्थना लिहिलेल्या होत्या. त्यातला एक कॉप्टिक लेख एव्हॅग्रियसनंतर तीनेकशे वर्षांनी कुणीतरी लिहिलाय. लिहिणाऱ्याला येशूचं नाव सतत घ्यायची सवय होती. आणि पिशाच्चांनी त्याच्या मनात एक शंका पेरली होती, अगदी पाद्रीबुवांच्या थाटातली: तू दिवसभर येशू येशू करतोस, मग पिता आणि पवित्र आत्मा यांचं काय? त्याने ती शंका दडवली नाही. आधी ती भिंतीवर लिहिली आणि मग तिच्याखाली तिचं उत्तर.